घोरपड चढली विमानावर

विमानात खिडकीजवळची सीट मिळाली की तुम्ही काय करता? ढगांचा फोटो, पंखाचा फोटो, स्टेटसला टाकला, विषय संपला. पुढच्या वेळी फोटो काढून झाला की पंखावर जरा नजर टिकवा. शिलाई मशीनने टीप मारावी तसे ओळीने बारीक ठिपके दिसतील. अजून विमानात बसला नसाल तर एसटी स्टँडवर जा. जुन्या लाल डब्याच्या पत्र्यावर तेच ठिपके दिसतात, फक्त जाड आणि डोकं वर काढलेले. ते रिव्हेट. एसटीचे रिव्हेट हात फिरवला तर लागतात. विमानाचे बहुतेक लागत नाहीत, कारण त्यांचं डोकं पत्र्यात बुडवून सपाट केलेलं असतं. हे बुडवण्याचं काम मशीनला शिकवताना जगातल्या भल्याभल्या कंपन्यांना घाम फुटलाय. आजची स्टोरी त्याचीच.

आधी आकडा ऐका. बोइंग 747 या जम्बो विमानात साधारण 60 लाख सुटे भाग असतात असं कंपनीच सांगते, आणि त्यातले निम्मे नुसते फास्टनर, म्हणजे रिव्हेट, बोल्ट, पिना वगैरे. तुम्ही म्हणाल, एवढे टोचत बसण्यापेक्षा सरळ वेल्डिंग का नाही मारत? तर विमानाला लागणारं ताकदवान अॅल्युमिनिअम वेल्डिंगच्या उष्णतेत आपली ताकद घालवून बसतं. शिवाय रिव्हेट खराब झाला तर ड्रिल करून काढता येतो, नवा टाकता येतो. म्हणून जेट युग येऊन इतकी वर्षं झाली तरी विमानाचं धड आजही मुख्यतः टोचून, ठोकूनच उभं राहतं.

आता एक प्रयोग. हेल्मेट घ्या (गाडीवर घालत नसाल तरी घरात असेलच). त्यावर कुठेही पेन्सिलचं टोक टेकवा आणि पेन्सिल अगदी सरळ उभी धरा. सरळ म्हणजे जमिनीला नाही, हेल्मेटच्या त्या जागेला काटकोनात. जमलं? आता टोक दोन बोटं बाजूला सरकवा. पेन्सिलचा कोन बदलावा लागला ना? वक्र पृष्ठभागाची हीच गंमत आहे, प्रत्येक ठिकाणचं 'सरळ' वेगळं.

विमानाचं धड हेल्मेटपेक्षा खूप मोठं, त्यामुळे वक्रता कमी. पण संपली नाही. एअरबस ए-320 च्या धडाची रुंदी 3.95 मीटर, म्हणजे त्रिज्या धरा साधारण 2 मीटर. गणित करून बघा, या गोलाईवर ड्रिल जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकलं की काटकोनाची दिशा अर्ध्या अंशाने बदलते. अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. समजा रिव्हेटचं डोकं 10 मिलिमीटर रुंद आहे आणि भोक अर्धा अंश तिरकं पडलं. डोक्याची एक कड दुसरीपेक्षा 0.09 मिलिमीटरने वर राहणार, तुमच्या जर्नलच्या एका कागदाच्या जाडीएवढी. एका रिव्हेटचं कुणाला काय पडलंय? पण हजारो रिव्हेट असे कड काढून बसले की हवेला अडथळा होतो आणि इंधन जास्त जळतं. त्याहून वाईट म्हणजे डोकं एका बाजूनेच टेकतं, भार एका बाजूलाच येतो, आणि धातू थकायला तिथूनच सुरुवात होते.

धातू थकतो म्हणजे काय होतं, ते 28 एप्रिल 1988 ला हवाईमध्ये दिसलं. अलोहा एअरलाइन्सचं 737 विमान हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. 24 हजार फुटांवर असताना पुढच्या भागाचं छप्पर सुमारे 18 फूट लांबीचं फाटून उडून गेलं. प्रवासी पट्टे बांधून उघड्या आभाळाखाली बसलेले! पायलटांनी विमान माउई बेटावर उतरवलं. एक हवाई सुंदरी मात्र त्या क्षणी बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. विमानाची तोवर 89,680 उड्डाणं झाली होती. प्रत्येक उड्डाणात आत हवेचा दाब भरतो आणि उतरताना सुटतो, म्हणजे धड फुग्यासारखं थोडं फुगतं आणि बसतं. दोन पत्रे जिथे एकावर एक येतात तिथला चिकटवलेला थर सुटला होता, सगळा भार रिव्हेटवर आला होता. पत्रा जेमतेम 0.9 मिलिमीटर जाड. डोकं बुडवायला त्यात कोनाकृती खड्डा पाडला की भोकाची खालची कड सुरीच्या पात्यासारखी धारदार राहते. तिथे तडे गेले, शेजारच्या भोकांतले तडे एकमेकांना भेटले आणि पत्रा उसवला. ड्रिल मारणाऱ्याची ही चूक नव्हती. तपास समितीने मुख्य ठपका ठेवला तो देखभालीत तडे न सापडल्याचा. पण रिव्हेटच्या एका भोकाची कड किती महाग पडू शकते, हे तेव्हा सगळ्या जगाला कळलं.

तर इतकं नाजूक काम आजवर कोण करत आलं? माणसं, आणि तीही जोडीने. एक जण बाहेरून रिव्हेट गन धरतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. त्याला बकिंग बार म्हणतात. बाहेरच्याने धडधड ठोकलं की आतल्या बाजूला रिव्हेटची शेपटी ठोकळ्यावर चेपली जाते आणि पत्रे पक्के आवळले जातात. दोघांच्या मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत. आवाज असा की कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहता येत नाही. हात वर करून, मान वाकडी करून, दिवसभर ते हादरे मनगटात आणि खांद्यात झेलायचे. मुरलेल्या जोडीचा ताल बसलेला असतो. आतल्याला गनच्या आवाजावरूनच कळतं की बाहेरच्याने गन सरळ धरली आहे की तिरकी.

बोइंगच्या 777 विमानाच्या एकेका धडात अशी सुमारे 60 हजार फास्टनर हाताने बसवली जायची. 2014 मध्ये कंपनीने जाहीर केलं की हे काम आता रोबो करणार, आणि सोबत सांगितलं की 777 च्या कामात होणाऱ्या दुखापतींपैकी निम्म्याहून जास्त याच टप्प्यावर होतात. म्हणजे कारण नुसतं पैशांचं नव्हतं, माणसांच्या खांद्यांचंही होतं. (पैशांचं नव्हतंच, असं मात्र मी म्हणणार नाही.)

कल्पना झकास होती. जर्मन कंपनी कुकाचे रोबो घ्यायचे. धड उभं तसंच ठेवायचं, उलटंपालटं करायचं नाही. एक रोबो बाहेर, त्याचा जोडीदार आत. बाहेरचा भोक पाडणार, रिव्हेट घालणार, ठोकणार. आतला ठोकळा धरणार. दोन माणसांच्या जागी दोन रोबो, इतकं सोपं. योजनेचं नाव एफएयूबी. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटच्या कारखान्यात ते रोबो आले, कामालाही लागले. आणि 2019 च्या नोव्हेंबरमध्ये बोइंगने ते गुंडाळलं. आतला आणि बाहेरचा रोबो ताळमेळ ठेवेनात. अर्धवट राहिलेलं काम शेवटी कामगारच हाताने पूर्ण करत होते, ओव्हरटाइम करून.

हे वाचून 'बघा, माणूसच श्रेष्ठ' असं म्हणायचा मोह होतो. मला तो थोडा आळशी निष्कर्ष वाटतो. नेमकं काय अवघड गेलं ते बघणं जास्त मजेशीर आहे.

कारखान्यातला रोबो हात एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्यात हुशार असतो. त्याला एकदा हात धरून जागा दाखवली की लाख वेळा तिथेच जाईल, केसाचा फरक पडणार नाही. कारच्या कारखान्यात हेच लागतं. पण विमानाच्या पॅनलवर त्याला जागा दाखवत बसता येत नाही, हजारो जागा आहेत. तिथे त्याला कॉम्प्युटरमधल्या डिझाइनवरून सांगावं लागतं की 'अमुक बिंदूवर जा'. आणि न दाखवता सांगितलेल्या बिंदूवर जाताना तोच हात एखाद्या मिलिमीटरने सहज चुकतो. हात लांब, सांधे सहा. प्रत्येक सांध्यातली इवलीशी चूक टोकापर्यंत येईतो मोठी होते. त्यात ड्रिल दाबताना पत्राही मागे रेटतो, म्हणजे हात अजून वाकतो.

बरं, हात बरोबर गेला तरी पत्रा तिथे असतो का? डिझाइनमधला पत्रा आणि खरा पत्रा यांचं नातं आधार कार्डावरचा फोटो आणि तुम्ही यांच्यासारखं असतं. ओळख पटते, पण तेच नसतं. मोठा पातळ पत्रा स्वतःच्या वजनाने झोळ घेतो. रिव्हेट ठोकत गेलं की थोडा ताणला जातो, आधीच्या रिव्हेटमुळे पुढची जागा सरकते. आणि तापमान! अॅल्युमिनिअमचा 10 मीटर लांब पत्रा 10 अंशांनी तापला तर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. सकाळी मोजलेली जागा दुपारी खोटी.

मग मशीनने करायचं काय? डोळे मिटून डिझाइनवर विश्वास ठेवायचा नाही, जागेवर जाऊन चाचपायचं. आजच्या चांगल्या मशीनच्या ड्रिलभोवती तीन-चार अंतर मोजणारे सेन्सर असतात. पत्र्याजवळ गेलं की प्रत्येक सेन्सर आपलं अंतर सांगतो. सगळी अंतरं सारखी, तर ड्रिल काटकोनात. एक कमी एक जास्त, तर ड्रिल कलंडलंय. आता बारावीतला सदिशांचा धडा आठवा, तोच, ज्यावर मागच्या बाकावरून 'हे आयुष्यात कुठे लागणार' असा आवाज आला होता. पत्र्यावरचे तीन बिंदू घ्या, त्यातून दोन सदिश काढा, त्यांचा सदिश गुणाकार करा. जे उत्तर येतं ती बरोबर काटकोनाची दिशा. मशीन प्रत्येक भोकाआधी हे गणित करतं आणि स्वतःला तेवढं कलतं करून घेतं. लागतं ते इथे.

कोन झाला, पण जागा? त्यासाठी कॅमेरा. पत्रे जुळवताना थोड्या ठिकाणी तात्पुरते रिव्हेट आधीच लावून ठेवलेले असतात. मशीन आधी ते शोधतं. डिझाइनप्रमाणे दोन खुणांमध्ये जेवढं अंतर हवं आणि प्रत्यक्ष जेवढं सापडलं, त्यातला फरक मधल्या सगळ्या भोकांमध्ये वाटून टाकतं. आपले शिंपीकाका बाहीचं जास्तीचं कापड चुण्या न पाडता गोलाईत जिरवतात ना, अगदी तसं. मग मशीन पत्रे घट्ट दाबून धरतं, म्हणजे ड्रिलचा कीस दोन पत्र्यांच्या फटीत शिरत नाही. मग भोक, डोक्यासाठी 100 अंशांचा कोनाकृती खड्डा, सीलंट, रिव्हेट.

हे सगळं झालं तरी लांब हाताचा लवचीकपणा उरतोच. इथे घोरपड येते. तानाजींनी कोंढाण्याचा कडा घोरपड लावून चढला ही गोष्ट लहानपणापासून ऐकलीय आपण. खरी-खोटी इतिहासकार बघून घेतील, पण आयडिया लक्षात घ्या. कडा गाठायचा तर खालून लांब शिडी टेकवण्यापेक्षा कड्यालाच चिकटणारं काहीतरी वर पाठवा. फ्लेक्स ट्रॅक नावाचं यंत्र हेच करतं. धातूचे लवचीक रूळ असतात, त्यांच्या खाली व्हॅक्यूमचे कप. रूळ विमानाच्या अंगावर ठेवले की कप हवा ओढून चिकटतात आणि रूळ विमानाचीच गोलाई घेतात. त्यावरून ड्रिलची छोटी गाडी सरपटत जाते. आता पत्रा वाकला, तापला, झोळ पडला तरी रूळही त्याच्याबरोबर हलणार. मशीन जमिनीवर उभं राहून लांबून हात घालत नाही, ते पत्र्यावरच बसलेलं आहे. एव्हरेटमधून ते दणकट रोबो गेले तेव्हा त्यांच्या जागी बोइंगने हेच आणलं. भोकं ही गाडी पाडते, फास्टनर माणसं हाताने बसवतात.

म्हणजे काम वाटून घेतलं. काटकोन आणि खोली या गोष्टी मशीनकडे, कारण ते कंटाळत नाही. आत अडचणीच्या जागी, फासळ्यांच्या मागे हात घालून जोडीदार शोधणं माणसाकडे. मला हे माघार घेणं वाटत नाही. मोठं स्वप्न बघून पाच वर्षं घालवल्यावर छोटं यंत्र निवडायला कंपनीला जड गेलं असेल, पण निवड बरोबर वाटते.

रोबो हरले असंही नाही. त्याच 2019 साली जर्मनीत हॅम्बर्गला एअरबसने ए-320 कुटुंबातल्या विमानांची धडं जोडायला नवी लाइन सुरू केली, 20 रोबोंची. तिथेही पहिल्या टप्प्यावर फ्लेक्स ट्रॅकच. अशी आठ यंत्रं धडाच्या लांबीतल्या एकेका सांध्यावर 1,100 ते 2,400 भोकं पाडतात. पुढच्या टप्प्यावर सात अक्षांचे 12 रोबो धडाचे तुकडे एकमेकांना जोडतात, एका गोल सांध्याला 3,000 रिव्हेट. भाग जागेवर आणून जुळवायचं काम लेझरने मोजून होतं. एकाच साली एकीकडे गाशा गुंडाळला गेला आणि दुसरीकडे फीत कापली गेली. बातम्यांचे मथळे दोन्ही वेळा 'रोबो' याच शब्दाभोवती फिरत राहिले. खरी गोष्ट मात्र मोजमापाची होती, आणि मोजमापाला मथळा मिळत नाही.

मोजमाप चुकलं की मथळा मिळतो, हेही खरं. ऑगस्ट 2023 मध्ये 737 मॅक्सच्या काही धडांमध्ये मागच्या दाबरोधक घुमटाची भोकं गोलाऐवजी लांबट पडल्याचं उघड झालं. हा घुमट म्हणजे आतली हवा अडवून धरणारी शेवटची भिंत, आणि तीही वक्र. उडणाऱ्या विमानांना तातडीचा धोका नाही असं सांगितलं गेलं, पण तपासणी आणि दुरुस्तीपायी नव्या विमानांच्या डिलिव्हरी रखडल्या. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला जॉब बिघडला तर सर दुसरा पत्रा देतात, इथे तयार धड समोर उभं असतं.

आपल्याकडे काय? हैदराबादला टाटा-बोइंगच्या कारखान्यात अपाची हेलिकॉप्टरची धडं बनतात. वडोदऱ्यात टाटा आणि एअरबसचा सी-295 चा कारखाना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, हवाई दलाच्या 56 पैकी 40 विमानं तिथे बनायची आहेत. आणि आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये ऑक्टोबर 2025 मध्ये तेजसची नवी लाइन सुरू झाली. आता विचार करा, 40 विमानांसाठी 20 रोबोंची लाइन परवडेल? हॅम्बर्गला परवडते कारण तिथून धडांची रीघ लागलेली असते. संख्या कमी असेल तिथे सरपटणारी छोटी गाडी आणि मुरलेला कामगार ही जोडी जास्त शहाणपणाची, असं माझं मत. म्हणून आयटीआयवाल्यांनी 'रोबो आले, आता आपलं काय' म्हणून आत्ताच हातपाय गाळू नयेत, आणि इंजिनीअरिंगवाल्यांनी मेट्रॉलॉजीचं युनिट ऑप्शनला टाकू नये.

या कामात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अगदी छोटी आहे. सेन्सरची अंतरं ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली, किंवा कॅमेऱ्याला खूण सापडली नाही, तर चांगलं मशीन अंदाजाने भोक पाडत नाही. ते थांबतं. ड्रिल फिरतंय, रूळ चिकटलेले आहेत, सगळं तयार आहे, आणि ते तसंच उभं राहून माणसाची वाट बघतं. मग कुणीतरी टॉर्च घेऊन येतं, पत्र्यावर बोट फिरवतं आणि कीसाचा एक कण पुसून टाकतं.